ढकला म्हणणारी पाटी

मित्रांनो, पितळेची असले तरी मी देवघरातली नव्हे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा कॅम्प एक या कामगारवस्तीतल्या एका ठेकेदाराच्या भरती कचेरीच्या दारावर बसवलेली मी एक जुनी पाटी. अंगावर इंग्रजीत एकच शब्द: पुश. म्हणजे ढकला.

या शब्दाचं घराणं मोठं, गुण बेताचे. मूळ लॅटिन, तिथे अर्थ मारणं, ठोकणं. फ्रेंचांकडून तो इंग्रजांकडे आला. नाडीला पल्स म्हणतात ना, तो याचा भाऊच. भाऊ जीव चालवतो, हा कोपर चालवतो. पुढे माल खपवणं, आपला माणूस पुढे सरकवणं, हेही त्याचेच अर्थ झाले.

हा शेवटचा अर्थ कारकून श्यामरावांना तोंडपाठ होता. रोज मला छातीने लोटत येत, जणू सगळा कारखाना त्यांनीच खांद्यावर वाहून आणला! देव त्यांना क्षमा करो. मला जमत नाही.

एका सोमवारी भंडाऱ्याकडचा केवलराम पक्क्या नोकरीसाठी आला. चपला काढून दाराशी उभा राहिला. त्याच्या गावी लागलेलं दार कोणी लोटत नसे. बाहेर खाकरायचं, आतून "या" आलं की पाऊल टाकायचं. तो खाकरला.

आत शिरता शिरता श्यामराव म्हणाले, "काय रे, कीर्तनाला आलास?"

दुपारी त्याची बायको रंभा भाकरी घेऊन आली. तिचा स्वतःचा उपास होता.

"कावून उभे जी अजून?"

"हाक येईन ना. दुसऱ्याचं दार लोटतेत काय?"

तेवढ्यात आतून, भरती करणाऱ्या साहेबांना सांगणारा श्यामरावांचा आवाज आला, "साहेब, केवलरामला पुकारून थकलो, आलाच नाही. माझा मेहुणा बसलाय, त्यालाच घ्या."

पुकारलं म्हणे! टेबलाशी पुटपुटले होते. माशीसुद्धा उडाली नसती.

रंभाने मला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि दार लोटलं.

"साहेब, हा माणूस सकाळपासून दारातच हाय. हाक आमाले आली नाई. आता पुकारा, आमी ऐकतो."

साहेबांनी श्यामरावांकडे पाहिलं. "पुकारा."

श्यामरावांना पुकारावं लागलं, चांगलं मोठ्याने. तेव्हा कुठे "जी" म्हणत केवलरामने उंबरठा ओलांडला आणि नोकरीला लागला.

मित्रांनो, आजही याच दारावर तुम्ही मला चिंच लावून घासता, बरं वाटतं. पण खरी काळजी घ्यायची असेल तर दाराला एक वीट लावा आणि ते उघडंच राहू द्या. मला कोणी वाचलं नाही तरी चालेल.