कावेरीच्या स्वप्नातले हे

"वहिनी, काल परत अण्णा आला होता गं!" कावेरी दारातूनच म्हणाली आणि मी उलथणं तव्यावर खाडकन आपटलं.

कावेरी माझी धाकटी नणंद. बनशंकरीतल्या आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहते. ह्यांना, म्हणजे तिच्या अण्णाला, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तेवढ्यात तिच्या स्वप्नात अकरा वेळा आले, मी मोजलंय. माझ्या स्वप्नात एकदाही नाही. सव्वीस वर्षं संसार केला मी, आजारपण काढलं मी, आणि भेटायला जायचं बहिणीला!

तसा माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मल्लेश्वरमला चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. तक्त्यावरची अक्षरं दिसत नसताना घडाघडा म्हणणारे रोज भेटतात, त्यांना मी बरोब्बर पकडते. हिलाही पकडावं म्हणून विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. स्वल्प कॉफी दे म्हणाला. पायरीवर बसून प्याला. छान दिसत होता गं."

छान म्हणे! मला आठवतं ते नळ्या लावलेलं तोंड. आणि हिला कॉफी पिणारा भाऊ दिसतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. थांब, म्हटलं, तुझं स्वप्न तुझ्यापाशीच ठेव.

"माझ्याकडेही आले होते काल," मी सरळ ठोकून दिलं. "उशाशी बसले. म्हणाले, आता दुसरीकडे कुठे जायचं नाही, तुझ्याजवळच राहणार."

वाटलं, आता हिचं तोंड उतरेल. तर मेलीनं मला मिठीच मारली.

"सुटले बाई! दर खेपेला मी त्याला सांगायचे, अण्णा, वर जा, वहिनी वाट बघतेय. तर म्हणायचा, तिचा विश्वास नाही, ती मला आत घेणार नाही."

खोटं बोलले होते, असं मला म्हणवेना.

त्याला आता दोन महिने झाले. कावेरीला एकदाही ते दिसले नाहीत. मला कधी दिसलेच नव्हते. तिला दिसायचे, तेही मी घालवून बसले. तिची काही तक्रार नाही. रोज सकाळी वर येते, समोर बसते.

"काल काय बोलला गं अण्णा?" म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहते, आणि मला काहीतरी सांगावं लागतं.