तळघरातला डबा

"अहो, खरंच चालू आहे आमच्याकडे," तो बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या माणसाला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता आणि पलीकडच्याचा काही केल्या विश्वास बसत नव्हता.

विश्वास बसण्यासारखं नव्हतंच. मुख्य कार्यालयातला कंट्रोलर जेवणाच्या सुट्टीत बंद पडला होता. वायफायवर कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे सगळ्या शाखांसाठी ते एकच यंत्र ठरवायचं. त्यानं मान टाकली की शाखांमधले छताला लावलेले वायफायचे पांढरे डबे मुके व्हायचे आणि माणसं हातावर हात ठेवून बसायची. आजही बाकी सगळीकडे तेच चाललं होतं. फक्त या शाखेचं काम सुरळीत होतं, कारण कित्येक सुट्ट्या खर्ची घालून त्यानं इथल्या डब्यांना मुख्य कार्यालयाच्या तोंडाकडे न बघता चालायला शिकवलं होतं. शाखेत त्याला 'तळघरातले साहेब' म्हणत. अर्थात चेष्टेनं, साहेबाच्या खुर्चीचा हात मोडका नसतो.

आता मुख्य कार्यालय त्याला सोडायला तयार नव्हतं. हे कसं केलंत, दुसऱ्या शाखांना आत्ता सांगता येईल का, जरा थांबा, आमच्या साहेबांशी बोला. त्याला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणी काही विचारत होतं. बोलता बोलता तो टेबलावरच्या मोबाइलकडे नजर टाकत होता.

त्याचे बाबा हॉस्पिटलात होते. घशात नळी, त्यामुळे बरेच दिवस बोलणं बंद. डॉक्टर ती आज काढणार होते. तो सकाळी तिथंच बसून राहिला असता, पण ताईनं त्याला कामावर पिटाळलं. बोलायला लागले की लगेच फोन करते, म्हणाली. हॉस्पिटल मागच्याच रस्त्यावर होतं. तळघरात रेंज मिळत नसे, पण वायफायवरून फोन यायचा, त्यामुळे तो निर्धास्त होता.

मधेच कॅशियरबाई जिना उतरून आल्या. नेट गेलंय म्हणतात, आम्हाला तर पत्ताच नाही, असं कौतुकानं म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "वडील कसे आहेत?"

"आज बोलतील," रिसीव्हरवर हात ठेवून तो म्हणाला.

"मग जा ना. इथं काय अडलंय तुमच्यावाचून?"

त्यानं रिसीव्हरकडे बोट दाखवलं आणि हसला. मोबाइल गप्प होता. म्हणजे नळी अजून काढलेली दिसत नाही, असं त्यानं मनाशी धरलं आणि पुन्हा बोलायला लागला.

संध्याकाळी पलीकडून आवाज आला, "आला, कंट्रोलर आला." आणि त्याच क्षणी टेबलावरचा मोबाइल थरथरायला लागला. थांबेचना.

सगळे निरोप ताईचे होते. नळी काढली, बोलतायत, ये. मग, तुलाच विचारतायत. मग, तुझा फोन लागत नाही, ऑफिसचा सारखा एंगेज, कुठं आहेस? त्यानंतर बराच वेळ काही नव्हतं. शेवटचा निरोप एवढाच होता: सावकाश ये आता.

त्यानं मान वर केली. त्याच्या खोलीतल्या डब्यावरचा हिरवा दिवा नुकता लागला होता. साऱ्या शाखेचे डबे त्यानं तयार केले होते, हा तेवढा राहिला होता. इथं आपण एकटेच, आपली कसली घाई, म्हणून. त्याचा कॉम्प्युटर वायरवर चालायचा, तेव्हा दुपारभर त्याला शंकासुद्धा आली नव्हती. त्यानं ताईचा शेवटचा निरोप पुन्हा एकदा वाचला.

"ऐकताय ना?" पलीकडचा विचारत होता. "अहवाल पाठवायचाय. तुमच्याकडे काहीच बंद नव्हतं, असं लिहू?"

"एक डबा बंद होता," तो म्हणाला. "माझ्या खोलीतला."

"तिथं कोण बसतं?"

"मी. एकटाच."

"मग तो नको धरायला," पलीकडचा म्हणाला. "काहीच बंद नव्हतं, असंच लिहितो. झकास काम केलंत हं."

त्यानं बरं म्हटलं, रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि जिना चढून वर आला. वर सगळे माना खाली घालून आपापल्या कामात होते.