पेंढ्याचा गोऱ्हा

मित्रांनो, ढवळी गाईला वाटते की तिचा गोऱ्हा अजून जिवंत आहे. तो गोऱ्हा मीच. पण माझे आता नुसते कातडे उरले आहे. आत पेंढा, पायांच्या जागी चार काठ्या आणि पोटाला सुतळीची शिवण. किळस आली ना? येऊ द्या. मला स्वतःचीच येते.

मीही थोडे दिवस खराखुरा होतो. मी सडाला तोंड लावायचो आणि आईला पान्हा फुटला रे फुटला की मालक दोरी ओढून मला बाजूला बांधायचे. दूध तर विकायचे होते, गोऱ्ह्याच्या पोटात कशाला घालायचे? मी वाळत गेलो आणि एका सकाळी उठलोच नाही. पण वासराशिवाय ढवळी दूध देईना. मग मालकांनी माझे कातडे सोलून वाळवले, त्यात पेंढा भरला आणि वरून मिठाचे पाणी चोळले. खारट लागले की गाय चाटत राहते. शी! त्या वासाने माश्या नुसत्या घोंगावत असत.

रोज सकाळ-संध्याकाळ मला तिच्यापुढे उभे करत. पुढे ती मला चाटायची, मागे बादली भरायची. माझे कौतुक तर विचारूच नका! "असं गुणी पोर शोधून सापडायचं नाही," मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "खात नाही, पीत नाही, आजारी पडत नाही!" लोक पोट धरधरून हसत.

पुढे मला धरून उभे राहायचे काम मालकांच्या सुनेकडे आले. तिचे बाळ अजून अंगावर पीत होते. एकदा ते आत रडू लागले आणि इकडे गोठ्यात तिचे कपडे पुढून ओले झाले. तिने स्वतःकडे पाहिले, मग ढवळीकडे पाहिले. तेवढ्यात सासूबाई पेला घेऊन आल्या. "घे, गरम आहे तोवर पी. तुझ्या पोटात गेलं तर बाळाला मिळेल."

तिने पेला तोंडाला लावला आणि नेमकी तेव्हाच माझी शिवण उसवली. चाटून चाटून सुतळी कुजली होती. पेंढा भसकन बाहेर आला. ढवळीने तो हुंगला आणि खायला लागली. एक घास पेंढा, मग माझ्या मानेवरून जीभ, मग पुन्हा घास. मित्रांनो, माझी आई माझे पोट रिकामे करत होती.

"चला, वैरणही सुटली!" मालक हसले. सून गोठ्याच्या दारातच भडाभडा ओकली.

त्या दिवसापासून तिने दूध सोडले. दही नाही, तूप नाही, चहासुद्धा कोरा. मग काय, ज्याला त्याला कारण हवे! नणंद म्हणाली, "वजन उतरवायचं असेल." नवरा म्हणाला, "पोटाला सोसत नाही का? डॉक्टरांकडे जाऊया?" शेजारीण म्हणाली, "हल्ली फॅडच आहे ते."

"लोकांची शंभर कारणं असतील," सून म्हणाली. "मला किळस आली, बस."

हे ऐकून मालक भडकले. त्यांनी दुधाचा भरलेला पेला तिच्यापुढे ठेवला. "ज्या गोठ्यावर घर चालतं त्याचीच किळस? आज हा पेला संपल्याशिवाय इथून हलायचं नाही. आणि हे पुन्हा उसवलंय, ते शिवून दे आधी." त्यांनी मला तिच्यापुढे आपटले आणि दाभण-सुतळी फेकली.

तिने कशालाच हात लावला नाही. "बाबा, माझं बाळ गेलं असतं, तर माझ्यापुढे काय उभं केलं असतं?"

"अगं, काय अभद्र बोलतेस!" सासूबाई किंचाळल्या आणि आत धावल्या. नातवाला छातीशी घट्ट धरून त्या कितीतरी वेळ बसल्या होत्या. पेला तसाच राहिला, वर जाड साय धरली आणि त्यात एक माशी पडली. त्या संध्याकाळी सासूबाईंचा चहाही कोराच होता.

मला मात्र मालकांनी स्वतःच शिवले, वेडेवाकडे. आता धरायलाही तेच येतात, पण तोंड भिंतीकडे करून. माझे केस झडले, एक कान तुटला, पोटात उंदरांनी घर केले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगत असतील, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी हात जोडले असते, पण माझ्या काठ्या जुळत नाहीत. मला जपू नका. खड्डा खणा आणि पुरून टाका.

बादली वाजली वाटते. आता मला पुन्हा उभे करतील. आणि ती बिचारी पुन्हा चाटायला लागेल.