सातवा प्रश्न

माजी विद्यार्थी मेळाव्याला गेल्यानं नत्थू गजभियेला मिळण्यासारखं होतं ते इतकं: एक शाल, एक नारळ, पनीर असलेलं एक ताट, आणि नशीब जोरावर असलंच तर एक लाख एकोणऐंशी हजार एकशे पस्तीस रुपये. जाण्यायेण्याचा खर्च, शेअर ऑटोचे साठ. सौदा कुणालाही फायद्याचाच वाटला असता.

बायकोला, सिंधूताईला, वाटला नाही. दुखरा गुडघा समोरच्या स्टुलावर लांब करून ती वांगी चिरत होती.

"अजी, शाल घेऊन काय करता? मागच्या सत्काराची पोळ्या गुंडाळाले डब्यात हाय."

"शालीसाठी कोन चाललं वं? थे मोठे वकील, बोंद्रे साहेब येऊन राहिले. त्याईनं प्रिन्सिपल मॅडमले एक डाव म्हनलं का देऊन टाका नत्थूचे पैसे, तं झालं. त्याईच्या शब्दाले वजन हाय."

"वजनाचं मले नोका सांगू. डाक्टर म्हनते वजन कमी करा."

डॉक्टर नागपूरच्या धंतोलीतला. गुडघा बदलायचे त्यानं एक लाख पासष्ट हजार सांगितले होते. म्हणजे नत्थूचे पैसे आले असते तर गुडघा होऊन वर चौदा हजार उरत होते. हा हिशेब घरात इतक्या वेळा झाला होता की त्या उरलेल्या चौदा हजारांवरूनही दोघांची दोनदा भांडणं झाली होती.

हे पैसे म्हणजे ग्रॅच्युइटी. एका खासगी संस्थेच्या लॉ कॉलेजात नत्थूनं सत्तावीस वर्षं काढली. घंटा दिली, वर्ग झाडले, वाचनालयाची पुस्तकं उन्हात घातली. साठी झाली तेव्हा प्राचार्या कामिनी मॅडमनी त्याला उद्यापासून येऊ नका असं गोड आवाजात सांगितलं. नत्थूनं हिशेब मागितला. तेव्हा कॉलेजला शोध लागला की हा माणूस आपला नोकर कधी नव्हताच. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही, पगार दरमहा किरकोळ खर्चाच्या व्हाउचरवर. ज्या इमारतीत पोरांना कामगार कायदा शिकवला जातो, त्या इमारतीनं सत्तावीस वर्षं एक साधं पत्र टाइप केलं नव्हतं. त्याला विसरभोळेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. विसरभोळी माणसं दर महिन्याला न चुकता व्हाउचरवर सही घेत नाहीत.

पण नत्थूचं खरं काम झाडण्याचं नव्हतंच. तो साक्षीदार होता.

लॉ कॉलेजात खोटा खटला चालतो, मूट कोर्ट म्हणतात त्याला. पोरं काळे कोट घालून वकील होतात, सर न्यायाधीश होतात आणि उलटतपासणीला मार्क असतात. मग साक्षीदार हवा. पहिल्या वर्षी कुणी मिळेना म्हणून नत्थूला उभं केलं, आणि तो उभाच राहिला. सत्तावीस वर्षांत त्यानं चोरी पाहिली, खून पाहिले, तो तलाठी झाला, दारूडा शेजारी झाला. एकदा कुणी मुलगी तयार होईना म्हणून डोक्यावरून पदर घेऊन विधवासुद्धा झाला. या कामाचा एक अलिखित नियम होता. साक्षीदारानं पहिले सहा प्रश्न टिकायचं आणि सातव्याला फुटायचं. लवकर फुटला तर पोराला मार्क कमी, फुटलाच नाही तर पोरगं नापास. नत्थूनं कुणालाही नापास केलं नाही. फी म्हणून पोरं तर्री पोहे चारत. आज नागपूरच्या कोर्टात जे वकील समोरच्याला बोलण्यात अडकवतात, त्यांतल्या निम्म्यांनी तो हात याच माणसावर साफ केलेला.

निघताना फोन आला. ॲडव्होकेट प्रीतीचा. ही त्याच कॉलेजची, तीन वर्षांपूर्वी पास झालेली. लेबर कोर्टात नत्थूची केस तीच फुकट लढत होती.

"काका, जायचं तर जा. जेवा, शाल घ्या. पण केसबद्दल एक शब्द बोलू नका. कोणासोबतच नाही."

"तू येऊन नाही राहिली?"

"अडीच हजार वर्गणी आहे, काका. माझ्या सगळ्या पक्षकारांनी मिळून एवढे दिले नाहीत या महिन्यात."

अशा रीतीनं त्या दुपारी सभागृहात एकशे नव्वद वकील होते, फक्त नत्थूचा नव्हता.

सभागृह नवं होतं. म्हणजे जुनं वाचनालयच, पण नवं छत घालून, पंखे काढून, एसी बसवलेलं. दारावर 'कै. चंपतराव बोंद्रे मूट कोर्ट सभागृह'. भिंतीवर दात्यांची संगमरवरी पाटी, त्यावर रकमांच्या उतरत्या क्रमानं नावं. पहिलं नाव ॲडव्होकेट सुशील बोंद्रे, २००१ ची बॅच, पंचवीस लाख. समोर साक्षीदाराचा सागवानी पिंजरा, पॉलिशचा वास अजून येत होता.

नत्थू मागच्या रांगेत बसला. दोनच मिनिटं. पाण्याचे ग्लास कुणी भरत नाही हे पाहून तो उठला आणि भरू लागला. ट्रे घेऊन दारापाशी आला तेव्हा बोंद्रे आत शिरत होते. त्यांनी ट्रेसकट त्याला मिठी मारली. अर्धं पाणी नत्थूच्या सदऱ्यावर.

"नत्थूभाऊ! अरे, ते केस-बीस काय लावून बसले तुम्ही? घरातलं भांडण आहे हे. आज कार्यक्रम छान होऊ दे, मग बघतो ना मी."

*मग बघतो ना मी.* नत्थूनं एवढे चार शब्द घट्ट धरले. बाकी त्याला कोरडं व्हायचंही भान राहिलं नाही.

भाषणं झाली. कोण न्यायमूर्ती झालं, कोण लंडनला गेलं, कुठल्या बॅचनं किती दिले. प्रत्येक आकड्याला टाळ्या पडत होत्या, मोठ्या आकड्याला मोठ्या. मग बोंद्रे माइकशी आले आणि म्हणाले, "या नव्या कोर्टात पहिली साक्ष कोणाची व्हावी? आपल्या नत्थूभाऊंची!"

सभागृह हसलं, उठलं, शिट्ट्या वाजल्या. नत्थू पिंजऱ्यात चढला. दीडशे मोबाइल त्याच्यावर रोखले गेले. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. ओळखीची जागा होती.

"मला ओळखता?" बोंद्रेंनी कोटाच्या खिशात बोटं घालून विचारलं.

"ओळखतो ना साहेब. चोरीच्या केसमधी तुमी मले विचारलं होतं, चोर पयून गेला तवा त्याचं तोंड कोन्या बाजूनं होतं. म्या म्हनलं, पयत होता त्याच बाजूनं."

हशा. बोंद्रेही हसले. दुसरा, तिसरा प्रश्न असाच गेला. चौथ्याला आवाज मऊ झाला.

"या कॉलेजनं तुम्हाला कधी नोकरासारखं वागवलं?"

"नाही जी."

"उन्हाळ्यात कॉलेज बंद. तेव्हा तुम्ही कुठे?"

"उमरेडले. भावाकडे."

उमरेडला तो चार दिवस जाई. बाकीचा उन्हाळा बाकांवरची कोरलेली नावं घासण्यात जाई, पण ते कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं साक्षीदारानं सांगू नये हे त्याला पाठ होतं.

"पैशांसाठी यायचे, की पोरांसाठी?"

"पोट्ट्याईसाठी, साहेब."

कुणीतरी 'वा' म्हटलं. पहिल्या रांगेत कामिनी मॅडम मान डोलवत होत्या, चांगल्या विद्यार्थ्याचा पेपर तपासताना डोलवतात तशी.

"म्हणजे नत्थूभाऊ," बोंद्रे पिंजऱ्याच्या अगदी जवळ आले, "तुम्ही या कॉलेजचे नोकर कधी नव्हतेच. घरचे होते. बरोबर?"

नत्थू काही खुळा नव्हता. सापळा कसा दिसतो हे त्या सभागृहात त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. पण हा सातवा प्रश्न होता. आणि मग बघतो ना मी.

"बरोबर साहेब," नत्थू म्हणाला. "नोकर कोन होता? म्या तं घरचाच होतो."

टाळ्या थांबेनात. मॅडमनी डोळे टिपले, शाल पांघरली, नारळ दिला. फोटो झाले. नत्थू जेवायला पोचला तोवर पनीर संपलं होतं. त्यानं वरणभात घेतला आणि तो ताट हातात धरूनच गाडीकडे धावला, कारण बोंद्रे निघाले होते. काच अर्धी खाली आली.

"साहेब, थे मॅडमले सांगाचं..."

"मॅटर कोर्टात आहे ना, नत्थूभाऊ," बोंद्रे हळहळून म्हणाले. "त्यावर मी बोलणं नीतीला धरून होणार नाही."

काच वर गेली. पनीर वजा, शब्द वजा. शाल आणि नारळ घेऊन नत्थू घरी आला. सिंधूताईनं नारळ हलवून पाहिला. आत पाणी नव्हतं.

"विचारलं का?"

"विचारलं."

"अन्?"

"सत्कार चांगला झाला वं," नत्थू म्हणाला. तिनं शालीची घडी घातली.

मार्चमध्ये लेबर कोर्टात नत्थूची खरी साक्ष निघाली. कॉलेजच्या बाजूनं सौरव नावाचा वकील उभा राहिला. बोंद्रेंच्याच ऑफिसातला. फी घेतली नव्हती. माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत 'मातृसंस्थेस विनामूल्य सेवा' या सदरात त्याचं आणि बोंद्रेंचं नाव छापून आलं होतं. सौरवही नत्थूवरच पास झालेला. त्या वेळी त्याचे हात इतके कापत होते की नत्थूनं त्याच्यासाठी दोन प्रश्न आधीच फुटून घेतलं होतं.

आता हात कापत नव्हते. त्यानं लॅपटॉप फिरवला. पडद्यावर शाल यायच्या आधीचा नत्थू, ओल्या सदऱ्यात, हसत म्हणत होता, नोकर कोन होता?

प्रीती ताडकन उठली. "तो खेळ होता, सर. करमणुकीचा कार्यक्रम!"

न्यायाधीशांनी तिची हरकत लिहून घेतली आणि पुढे चला म्हणाले. त्यांच्यापुढे एका बाजूला व्हिडिओ होता आणि दुसऱ्या बाजूला नेमणुकीचं न दिलेलं पत्र.

"व्हिडिओत तुम्हीच आहात?" सौरवनं विचारलं.

"मीच हाय."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाही."

"मग बोललात ते खरं आहे?"

"खरं नाही," नत्थू म्हणाला. "साहेब पास व्हावे म्हनून बोललो. तू पास झाला तवाही असाच बोललो होतो, बापू."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सौरव लाल झाला, पण शिकलेला होता. जिथून शिकला तिथलंच त्यानं वापरलं.

"म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून तुम्ही खोटं बोलता?"

प्रीतीनं डोळ्यांनी नको-नको केलं. नत्थूनं तिच्याकडे पाहिलं, सौरवकडे पाहिलं. प्रश्न सातवा होता की नाही हे त्यानं मोजलं नाही. पहिल्यांदाच.

"बोलतो ना," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं तेच तं केलं. थेच तं माही नोकरी होती!"

यापेक्षा खरी साक्ष त्या कोर्टात त्या वर्षी झाली नसेल. निकाल जूनमध्ये आला. अर्जदार साक्षीत खोटं बोलतो हे तो स्वतःच कबूल करतो, त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, दुसरा कागद नाही. अर्ज नामंजूर.

"अपील करू, काका," प्रीती पायऱ्यांवर म्हणाली.

"करू," नत्थू म्हणाला. "तू चांगली लढली. त्या सौरवचा एक सवाल मातर चुकला. जबरदस्तीचं आदी विचाराले नोको होतं. थे सेवटी विचारतात."

सिंधूताई अजून जिन्याच्या पायऱ्या बसून उतरते. तिनं मेडिकलच्या दुकानात माप घेणाऱ्या पोराकडून गुडघ्याचा पट्टा घेतला. साडेचारशे रुपये.

आता एकूण जमाखर्च. बोंद्रेंनी जाहीर केले पंचवीस लाख, दिले एक लाख एक्कावन्न हजार, बाकी टप्प्याटप्प्यानं. पाटीवर मात्र पंचवीस एकदमच कोरले, कारण संगमरवरावर हप्ते दाखवता येत नाहीत. एसीवाला बिलासाठी अजून फेऱ्या घालतो. न्यायमूर्ती झालेल्यांनी शुभेच्छा दिल्या. कामिनी मॅडमना उत्कृष्ट प्राचार्या पुरस्कार मिळाला, तो माजी विद्यार्थी संघानंच दिला.

आणि नत्थू गजभियेनं दिले एक लाख एकोणऐंशी हजार एकशे पस्तीस. एकरकमी, करात सूट न घेता. त्या वर्षी कॉलेजला प्रत्यक्षात मिळालेली सगळ्यात मोठी देणगी हीच. पाटीवर रकमेच्या क्रमानं नावं लावतात. बोंद्रेंच्या वर बोटभर जागा कोरी आहे.