ठोक्याच्या हाताचा बेस

मास्तरने ठोक्याचा पाणउतारा केला तो सगळ्या बँडसमोर, आणि तोही हसत हसत. हसून केलेला अपमान जास्त झोंबतो, कारण उलट बोलायला जावं तर आपणच चिडके ठरतो. तालीम संपली होती, ड्रमवाला आपल्या काठ्या पिशवीत भरत होता, तेवढ्यात मास्तर म्हणाला की भावोजी, तुमचा बेस अलीकडे फार खडखडतो, परवा हॉटेलच्या मॅनेजरने विचारलं की मागे पत्रा कोण बडवतंय. एक तारखेपासून दर शुक्रवारी आणि शनिवारी त्या हॉटेलात वाजवायचं ठरलेलं होतं, अख्ख्या वर्षासाठी. तोवर स्वतःच्या हाताला जमेल असा एखादा चांगला बेस बघा, नाहीतर मग बघू, असं म्हणून मास्तर जिना उतरून गेलासुद्धा.

त्या ‘मग बघू’चा अर्थ ठोक्याला न कळायला तो काही कुक्कुलं बाळ नव्हता. एकवीस वर्षं तो या बँडमध्ये बेस वाजवत होता. बेस म्हणजे चार जाड तारांचं गिटार. लोकांना वाटतं तो ऐकूच येत नाही, पण तो थांबला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. दिवसभर ठोक्या टायरच्या दुकानात लोखंडी पट्टीने टायर रिमवरून उचकटायचा, आणि संध्याकाळी तीच बोटं तारांवर पडायची. हळू वाजवणं त्याला ठाऊकच नव्हतं. ठोक्या हे नाव त्यावरूनच पडलं आणि इतकं चिकटलं की खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं. या बँडबाहेर त्याला कुणी विचारत नव्हतं. ही जागा गेली की उरणार काय, तर टायर. हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून तो एवढा भडकला होता.

मास्तर त्याचा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. बँडही त्याचा, गळाही त्याचा आणि शेवटचा शब्दही त्याचाच. जाता जाता आणखी दोन गोष्टी तो सांगून गेला होता. एक, बेस मिळेपर्यंत तालमीला यायची तसदी घेऊ नका. आणि दुसरी, शोधायला जाताना ताईला बरोबर न्या, तिचा कान चांगला आहे.

कानाचं मात्र खोटं नव्हतं. लहानपणी वडील मास्तरला पेटी शिकवायचे आणि ही आतल्या खोलीत शिवणमशीन मारत बसायची. भावाचा सूर चुकला की हिचं मशीन थांबायचं. वडील म्हणे पोराकडे बघायचेच नाहीत, मशीनकडे कान लावून बसायचे. शिकवलं अर्थात पोरालाच. आता ती घरी लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची आणि भावाच्या प्रत्येक कार्यक्रमात मागच्या रांगेत बसून ओठ मुडपायची.

तर निघाली वरात. पहिलं दुकान काचेचं, गारेगार, भिंतीवर ओळीने टांगलेले बेस. विक्रेता असा गोड की मुंग्या लागाव्यात. त्याने ठोक्याची बोटं पाहिली आणि बारीक मानेचा, हलका, चकचकीत बेस हातात दिला. तारा अगदी खाली बसवल्यात काका, नुसतं बोट टेकवलं तरी वाजतो, असं तो म्हणाला. ठोक्याने दोन बोटं आपल्या पद्धतीने मारली. तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटल्या आणि दुकानभर खडखडाट झाला. विक्रेता दोन पावलं मागे सरकला, हसू मात्र तसंच ठेवून म्हणाला की जरा हळू वाजवा ना. ठोक्या म्हणाला, तुला हळू ऐकायचं असेल तर घरी जाऊन घड्याळ ऐक. बायको स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, “नाही.”

दुसऱ्या दुकानात बसून वाजवला तेव्हा बेस झकास वाटला. ठोक्या जवळजवळ हो म्हणणार होता. पण बँडमध्ये कोण बसून वाजवतं? पट्टा खांद्यावर टाकून उभा राहिला तर बेसचं डोकं जड आणि बूड हलकं, सगळी मान जमिनीकडे कलायला लागली. डावा हात सूर धरणार की मान धरणार? दुकानदार म्हणाला, सवय होईल. बायको म्हणाली, नाही.

इथवर ठीक होतं. पण पुढचे दोन रविवार असेच गेले. तिसरं दुकान, चौथं दुकान, मग जुने बेस विकणाऱ्या एका माणसाचं घर. त्या माणसाला पलंगावरून उठायचाही कंटाळा, पण त्याच्याकडचा एक काळा बेस ठोक्याला बरा वाटला. खडखड थोडी होती, पण आवाजाला वजन होतं. त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “नाही.”

रस्त्यावर येताच ठोक्याचा तोल गेला. बेस तुला वाजवायचाय की मला, असं त्याने बसस्टॉपवरच्या चार माणसांदेखत विचारलं. तारीख जवळ आली, तुझा भाऊ तिकडे टपून बसलाय, आणि तू आपली नाकं मुरडतेस. तुला माझी जागा गेलेली हवीय का? एरवी एकाला चार ऐकवणारी बायको तेव्हा मूग गिळून गप्प बसली. बसमध्ये ती वेगळ्या बाकावर बसली. ठोक्याला वाटलं, चोर तो चोर वर शिरजोर.

शेवटी टायरच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीवाल्या बाईचा पत्ता दिला, आणि वर सांगितलं की ती शिव्या देते, मनावर घेऊ नका. एका गोदामामागे तिची खोली होती. सगळीकडे लाकडाचा भुसा, डिंकाचा वास, उघडी पडलेली गिटारं. बाईची साठी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. काय पाहिजे हे तिने विचारलंच नाही. आधी पाय पुसा, म्हणाली. मग ठोक्या स्वतःचा जुना बेस दाखवायला लागला तर तो तिने बाजूला सारला आणि त्याचा उजवा हात धरून उलटापालटा करून पाहिला.

“हा बेस कुणी बसवून दिला तुम्हाला?”

“मेव्हण्याने. ओळखीच्या माणसाकडून. तारा खाली घेतल्या म्हणजे मला सोपं जाईल म्हणून.”

“सोपं!” बाई म्हणाली. “गाढवपणा आहे सगळा. ज्याला त्याला तारा खाली हव्यात. अहो, तुमचा हात पडतो तेव्हा तारेला हलायला जागा लागते. ती नसली तर तार पट्टीवर डोकं आपटणार नाहीतर काय करणार? तुम्हाला सगळे हात बदलायला सांगत असतील.”

ठोक्या आपल्याच हाताकडे बघत राहिला. असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकवीस वर्षं प्रत्येक जण हळू वाजव म्हणत आला होता.

बाईने कोपऱ्यातून एक जुना बेस ओढून काढला. रंग उडालेला, मान दांडक्याएवढी जाड, वजन असं की खांद्याने आधीच माफी मागावी. तो सहा वर्षं तिथे पडून होता, कारण येणारा प्रत्येक जण हातात घेऊन जड आहे म्हणून खाली ठेवायचा. तिने त्याला सगळ्यांत जाड तारा चढवल्या, छोट्या चावीने एकेक तार वर उचलली, कान लावला, पुन्हा उचलली. अर्धा तास नवरा-बायको उभेच होते. बसा म्हणायची पद्धत तिच्याकडे नव्हती.

मग ठोक्याने पट्टा खांद्यावर टाकला आणि हात टाकला तो नेहमीसारखाच, टायरवाला. एकही खडखड नाही. सूर गोल, भरदार, जमिनीतून पायात चढणारा. त्याने आणखी जोरात मारलं, तार वाकली आणि सूर तसाच उभा राहिला. तो वाजवत राहिला. आनंदाने त्याला हसू फुटलं आणि ते लपवायला त्याने मान खाली घातली. थांबल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं, भांडायच्या तयारीनेच.

ती दारापाशी उभी होती. पदराने नाक पुसलं, भुशाने होतंय म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “घ्या.”

बाईने ठोक्याचा आधीचा बेस ठेवून घेतला, वरचे पैसे मोजले आणि आता निघा म्हणाली.

पुढचे चार दिवस ठोक्या हवेत होता. बायको मात्र काहीतरी हरवल्यासारखी वावरत होती. कुणाच्या तरी पँटची एकच तंगडी तिने आखूड केली. रविवारी सकाळी तो तालमीला निघाला तेव्हा तीही चपला घालून दारात उभी राहिली. रस्त्यात दोनदा म्हणाली, अहो, जरा थांबा, मला बोलायचंय. तो म्हणाला, नंतर. पाठीवर एवढं वजन घेऊन तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत होता.

तालमीच्या खोलीत त्याच्या जागेवर, ड्रमच्या शेजारी, मास्तरचा जावई बेस घेऊन उभा होता. पाच तारांचा, नवाकोरा. त्याची नोकरी जाऊन तीन महिने झाल्याचं ठोक्याने घरात ऐकलं होतं. तो बेस वाजवतो हे मात्र आजच कळत होतं. ड्रमवाला काठ्यांकडे बघायला लागला. बाकीच्यांनाही अचानक आपापल्या वायरी तपासायच्या होत्या.

मास्तरने आधी ठोक्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे धापा टाकत आलेल्या बहिणीकडे.

“ताईने सांगितलं नाही का तुम्हाला?” तो म्हणाला. “मी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हटलं, तू शांतपणे समजाव.”

आता बोला! माणसाला तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून बेसचं निमित्त करून त्याला दारोदार हिंडवायचं आणि बोलायचं काम बहिणीच्या गळ्यात मारायचं. ठोक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो सरळ पुढे झाला, जावयाच्या बेसची वायर उपटली, आपल्या बेसमध्ये घातली आणि त्यांच्या सगळ्यांत वेगवान गाण्याची सुरुवात वाजवायला लागला.

खिडकीच्या काचा थरथरल्या. ड्रमवाल्याने चार मात्रा दम धरला, मग त्याला राहवेना. एकवीस वर्षांची सवय, काठ्या आपोआप पडायला लागल्या. दोघांनी अख्खं गाणं वाजवलं, कुणी गात नसताना. जावई तोंड उघडं टाकून बघत होता. गाणं संपल्यावर मास्तर आपल्या बोटातली अंगठी फिरवत म्हणाला, “बेस खरंच चांगला मिळालाय, भावोजी. पण जागा भरलीय. पोरीचा संसार आहे.”

ठोक्याने वायर काढून जावयाच्या हातात दिली आणि बाहेर पडला. जिन्याच्या मधल्या वळणावर बायकोने त्याला गाठलं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला. “महिनाभर मला कुत्र्यासारखं हिंडवलंस. प्रत्येक बेसला नाही, नाही, नाही. तुझ्या भावाने सांगितलं होतं का तसं?”

“त्याने कशाला सांगायला पाहिजे? तो तर रोज विचारायचा, सांगितलंस का म्हणून.” ती मागे हटली नाही. “तुम्ही शोधत होता तोवर तुम्ही बँडमध्ये होता. रविवारी सकाळी दाढी करून तयार व्हायचात. बेस मिळाला असता तर त्याच दिवशी तुम्ही हा जिना चढला असता. म्हणून मी दर वेळी ‘नाही’ म्हणायचे. तो काळा बेस चांगला होता. मी खोटं बोलले.”

“मग याला हो का म्हणालीस?”

ती कठड्याला धरून उभी राहिली.

“याला नाही म्हणायला गेले,” ती म्हणाली, “पण तोंडातून निघेना.”

ठोक्याला तिच्यावर ओरडायचं होतं. महिनाभराचं सगळं ओठांवर आलं होतं. तिच्या भावाचा राग, तिचा राग, त्या गोड विक्रेत्याचासुद्धा राग. त्यातलं काहीही कमी झालं नव्हतं आणि घरी जाऊन तो ते सगळं बोलणार होता. तेवढ्यात वर तालीम सुरू झाली. जावयाने पहिली ओळ वाजवली आणि जिन्यावर दोघांनीही एकदमच तोंड वाकडं केलं.

“खालची तार उतरलीय,” ती म्हणाली.

“एक तारखेला हॉटेल आहे त्यांचं,” तो म्हणाला.

दोघं तिथेच उभे राहून आणखी एक कडवं ऐकत राहिले. वर मास्तरला काही पत्ता लागला नव्हता, तो गायला लागला होता. मग ठोक्याने बेस दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि दोघं उरलेला जिना उतरले. सांगायला कुणीच वर गेलं नाही.