एका शाईचे अकरा पक्षी

मी एक जुना रबरी शिक्का आहे. शिक्का म्हटले की तुम्हाला कचेरी आठवत असेल. पण मित्रांनो, मी आजवर कुणाचाही अर्ज नामंजूर केलेला नाही. माझ्या रबरावर बोटभर लांबीचा उडता पक्षी आहे आणि चिकटवहीची पाने सजवणे हे माझे काम.

तापलेल्या साच्यात दाबून मला घडवले आणि लाकडी ठोकळ्यावर चिकटवले. दुकानातून मला दोन बहिणींपैकी थोरलीने घेतले. ती या कामात तरबेज होती. शिक्का पॅडवर हलकेच टेकवायचा, रगडायचा नाही. कागदावर सरळ दाबायचा, सरळ उचलायचा. पुन्हा शाई न लावता ठसे उठवत गेले, की पक्षी फिकट होत जातो आणि दूर उडून गेल्यासारखा दिसतो. ही तिची खास करामत. पाहुणे वाहवा करत आणि मीही फुशारून जाई.

मग धाकटीचे बाळ गेले. अकरा दिवसांची होती ती मुलगी. सगळे दिवस तिने इस्पितळात काचेच्या पेटीत काढले. तिचा एकच फोटो होता, नर्सबाईंनी काढून दिलेला. धाकटी तो उशीखाली घेऊन झोपायची आणि कुणाशी बोलायची नाही. थोरलीला राहवेना. एका दुपारी ती वही, डिंक आणि मला घेऊन तिच्याकडे आली.

"आपण तिचं एक पान करू या. उशीखाली चुरगळून जाईल गं तो फोटो."

"माझ्याच्यानं नाही होणार, ताई."

"तू नुसती बस माझ्याजवळ."

बसता बसता धाकटीने मला हातात घेतले. एक पक्षी वाकडा उठला, तेव्हा थोरली म्हणाली, "हा अगदी तुझ्यावर गेलाय!" धाकटी किती दिवसांनी हसली. ते हसू पाहून थोरली हुरळली. "एक फोटोच्या कोपऱ्यावर पण उठव. तिच्या पेटीवर बसल्यासारखा दिसेल."

धाकटीने उठवला. आमची शाई कागदात मुरून वाळणारी. गुळगुळीत फोटोवर ती वाळतच नाही. थोरलीला हे ठाऊक होते, पण त्या घडीला तिच्या ध्यानात आले नाही. पान सपाट व्हावे म्हणून तिने वही मिटली आणि वर वजनाला गार इस्त्री ठेवली.

चार दिवसांनी दोघींनी वही उघडली. पक्षी बाळाच्या तोंडभर पसरला होता. धाकटीने घाईघाईने ओले फडके फिरवले, तर शाईबरोबर फोटोचा रंगही सुटला. आधी नाक गेले, मग डोळे.

"माझ्यामुळे झालं गं," थोरली रडू लागली.

"ताई, तिचं नाक कसं होतं? सांग ना. मला आताच आठवेनासं झालंय."

पेटीजवळ फक्त आईबापांना सोडत. थोरलीने बाळ पाहिले होते ते या फोटोतच.

धाकटीने मला एकदाच शाई लावली आणि पुढच्या कोऱ्या पानावर एकामागून एक ठसे उठवले. पहिला गडद निळा होता. सातव्याला शेपूट उमटली नाही, दहाव्याला पंखाची एक रेघ तेवढी आली. अकराव्याला काहीच नाही. तरी तिने मला तिथे कितीतरी वेळ दाबून धरले.

"हा शेवटचा दिवस," ती म्हणाली.

त्यानंतर मला कुणी धुतले नाही. मी खणात पडून आहे, रेषांत शाई कडक झाली आहे, रबराला भेगा पडल्या आहेत. त्याचे मला दुःख नाही, असे नाही. पण मित्रांनो, माझी विनवणी वेगळी आहे. शाई वाळते का, ते आधी टाकाऊ कागदावर पाहा. वही मिटायची घाई करू नका. आणि ज्याचा एकच फोटो तुमच्यापाशी उरला आहे, त्यावर मला टेकवू नका. मला फक्त पक्षी उठवता येतो.