ट्रंकेतल्या बाया आणि आमचा बँड

रविवारी दुपारी रेडिओवर एक निवेदिका मेलेल्या बायांचं संगीत लावते. त्या परदेशी बायांनी सत्तर-सत्तर माणसांच्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं, आणि मग कुणी फारसं न वाजवलेलं. मी भाकरी टाकता टाकता ऐकते. गल्लीतल्या बाकीच्या त्या वेळी मालिका पाहतात, पण मला तिथल्या सासवांपेक्षा या मेलेल्या बाया बऱ्या वाटतात.

निवेदिका आधी कहाणी सांगते. एकीची सिम्फनी हयातीत एकदोनदा वाजली आणि मग जन्मभर ट्रंकेत राहिली. दुसरीची गाणी भावाच्या नावावर छापली. तिसरीचे कागद ती गेल्यावर पडक्या घरात सापडले. नावं इतकी अवघड की मला एकही धड घेता येत नाही. पण माझं नाव तर दोन अक्षरी आहे, जया, आणि तेही कुणी घेत नाही.

आमचा बँड आहे, नेर गावात, लग्नाचा. नवरा, नागोराव, त्याचे मास्तर. क्लॅरोनेट वाजवतात, आणि गोड वाजवतात, खोटं कशाला बोलू. पण सरगम त्यांना ना लिहिता येते, ना वाचता; बाकीचे बारा जण वाचून वाजवतात. माझे बाबा भीमगीतांच्या पार्टीत हार्मोनियमवर होते, त्यांनी मला शिकवलं. त्यामुळे नवं गाणं आलं की मी ते ऐकते, बारा माणसांचे बारा कागद लिहिते, आणि मास्तरांचा भाग दार लोटून गुणगुणते, त्यांना पाठ होईपर्यंत. वरातीत लोक म्हणतात, मास्तर, काय बसवलंय. मास्तर मान तुकवतात. मान तुकवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

त्या रविवारी लागलेल्या सिम्फनीत क्लॅरोनेट बराच वेळ गप्प होतं. सगळे व्हायोलिनवाले दमल्यावर ते एकटंच हळू बोलायला लागलं, आणि मला रडू आलं. भाकरी करपली. मास्तर म्हणाले, "याच्यावर नाचन कोन?" वर ढोल कुठाय म्हणूनही विचारलं. शेवटी निवेदिकेनं मोठ्या आनंदानं सांगितलं, की दीडशे वर्षांनी का होईना, बाईला न्याय मिळतोय. मला मेल्यावर दीडशे वर्षांनी न्याय मिळण्यात काडीचा रस नव्हता.

पंधरा दिवसांत मी स्वतःची धून लिहिली. बारा जणांसाठी, ढोलासकट, कारण नवरदेवाला मित्र असतातच. मधे क्लॅरोनेट, एकटं. मास्तरांना ऐकवली तर त्यांनी मधला भाग पुन्हा गुणगुणायला लावला, म्हणजे आवडली. गल्लीतल्या भगवानरावांच्या मुलीच्या लग्नात वाजवू म्हणाले. मी एकच अट घातली, माइकवर माझं नाव घ्यायचं. ते पोरांची शपथ घ्यायला निघाले. मी म्हटलं, पोरांना मधे आणू नका, नाव तेवढं घ्या.

लग्नाच्या दिवशी मी पाहुण्या बायकांत, मंडपाच्या दाराशी उभी होते. वरात समोर आली आणि माझी धून सुरू झाली. नवरदेवाचे मित्र बावरले, हे कुठल्या सिनेमातलं म्हणून एकमेकांना विचारू लागले. ढोल आला तसे नाचले. मग क्लॅरोनेट एकटं आलं, आणि भगवानराव जावयासाठी आणलेला हार हातात तसाच धरून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, मास्तर, पुन्हा होऊ द्या, पण ही आहे कोणाची?

मास्तरांनी माइक घेतला. माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं.

"आपलीच हाय," म्हणाले. "आपुनच बसवली." आणि मान तुकवली.

राग मला नंतर आला. आधी वाटलं, आपण ट्रंकेत आहोत आणि वरून ओळखीच्याच माणसानं झाकण लावलं. मग मात्र मी सरळ बँडपुढे गेले. कागद वाद्यांना कपडे वाळवायच्या चिमट्यांनी लावलेले असतात. मी एकेक चिमटा काढायला लागले. ट्रम्पेटवाल्या खेमसिंगनं स्वतःच आपला कागद काढून माझ्या हातात दिला.

बाराही कागद घेऊन मी मास्तरांसमोर उभी राहिले. "वाजवा," म्हटलं. "तुमचीच हाय ना."

त्यांनी क्लॅरोनेट ओठाला लावलं आणि पुन्हा खाली घेतलं. मागे बारा माणसं वाद्यं खाली धरून उभी. मित्रमंडळी शिट्ट्या मारू लागली, भगवानराव घड्याळ पाहू लागले. मास्तरांच्या कानशिलावरून घाम ओघळला. मला त्यांची दया आली, तेही सांगते. कागद मात्र मी दिले नाहीत.

"ही धून जयानं लिवली," ते माइकवर म्हणाले. "जया नागोराव वानखडे. आतापर्यंत आपुन जे जे वाजोलं, ते सारं तिनंच लिवलं."

एवढं मी मागितलं नव्हतं. टाळी एकानंही वाजवली नाही. बरं बरं, वाजवा आता, असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि मला हसू आलं. डोळे पुसत मी कागद परत लावले, चिमट्यांसकट.

मास्तर लोकांकडे पाठ करून माझ्याकडे वळले. माइक चालूच होता.

"कुठून घेऊ?" त्यांनी विचारलं.

"पह्यल्यापासून," मी म्हटलं.